टेलचं पाणी

कूंगी तळ्याच्या काठावर गाडी थांबली तेव्हा मामांनी दुर्बीण घेतली नाही. त्यांनी एक वाळकी काठी शोधली, पाण्याच्या अगदी कडेला वाळूत रोवली, हलत नाही ना ते दोनदा बघितलं आणि मगच तंबूच्या दोऱ्यांना हात लावला. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला तळं दिसलं की आधी पातळी दिसते. भाची तोवर कुलिबाच्या झाडाआड उभी राहून मोजणीला लागली होती. झोळीवाले म्हणजे पेलिकन शंभराच्या वर, पाणकावळे मोजण्यापलीकडचे, आणि समोरच्या उथळ पाण्यात वर वळलेल्या चोचींच्या उचाट्यांची एक लांब ओळ.

भाची ॲडलेडला राहते. मामा पैठणहून तिच्याकडे आले होते, आणि ‘दोन महिने नुसतं मॉल बघण्यापेक्षा मला इथलं पाणी दाखव’ ही त्यांचीच फर्माईश होती. तिनं मग ऑस्ट्रेलियाच्या पोटातलं पाणी दाखवायचं ठरवलं. ॲडलेडहून इनामिंका हजार किलोमीटरच्या वर. वाटेतला स्ट्रेझलेकी ट्रॅक आता टप्प्याटप्प्यानं डांबरी होतो आहे. इनामिंका म्हणजे एक हॉटेल, एक दुकान आणि जेमतेम वस्ती. तिथून पुढे वाळूच्या टेकड्यांवरून शंभर किलोमीटरहून अधिक वाट, जिथं चारही चाकांना जोर देणारी गाडीच चालते. शेवटची टेकडी ओलांडली की तांबड्या वाळवंटाच्या मधोमध हे एवढं गोडं पाणी दिसतं, आणि डोळ्यांवर विश्वास बसायला थोडा वेळ लागतो.

इथं वर्षाला दोनशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही. आपल्या आष्टी-पाटोद्याच्या दुष्काळी पट्ट्यात पडतो तोसुद्धा याच्या जवळपास तिप्पट. मग पाणी येतं कुठून?

“वरून,” भाची म्हणाली. “क्वीन्सलंडमधून. थॉमसन आणि बारकू या दोन नद्या एकत्र येतात आणि त्यांचा कूपर क्रीक होतो. इथले लोक सांगतात, जगात दोन नद्या मिळून एक ओढा होतो तो इथंच.”

“आणि उतार?”

“जवळजवळ नाहीच. पूर आला की पाणी कित्येक किलोमीटर रुंद पसरतं आणि महिनोन्‌महिने सरकत राहतं. इनामिंकाशी एक फाटा वायव्येला वळतो, तो हा. आधी कूंगी भरतं, ते भरलं की पुढचं, मग त्याच्या पुढचं.”

“म्हणजे साखळी तलाव,” मामा म्हणाले. हे त्यांना लगेच पटलं. “आणि शेवटच्या तळ्यातलं पाणी कुठं जातं?”

भाचीनं आकाशाकडे बोट केलं.

“सगळं?”

“सगळं. फारच मोठा पूर असला तर कूपरचं पाणी वाळवंट ओलांडून काटी थांडापर्यंत, म्हणजे लेक एअरपर्यंत पोचतं. तिथून पुढे तेही वरच. इथली एकही नदी समुद्राला मिळत नाही.”

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “याला आमच्याकडे वाया गेलेलं पाणी म्हणतात.”

वाद खरा इथून सुरू झाला. मामांचं म्हणणं सहज झटकून टाकण्यासारखं नव्हतं. लेक एअरचं खोरं सुमारे बारा लाख चौरस किलोमीटरचं आहे, ऑस्ट्रेलियाचा जवळजवळ सहावा हिस्सा. त्यात जवळजवळ चार महाराष्ट्र बसतील. पैठणच्या जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा २,१७१ दशलक्ष घनमीटर आहे, आणि त्यातल्या एकेका दशलक्षासाठी माणसं रस्त्यावर उतरलेली मामांनी बघितली आहेत. उन्हाळ्यात टँकरच्या मागे धावणाऱ्या बायकांच्या घागरी ज्याच्या कानात वाजतात, त्यानं एवढ्या पाण्याची वाफ होताना बघून हळहळू नये तर काय करावं?

“हा विचार इथंही लोकांनी केला होता,” भाची म्हणाली. “सिडनीच्या हार्बर ब्रिजमागचे इंजिनिअर ब्रॅडफील्ड. त्यांनी १९३८ मध्ये योजना मांडली. क्वीन्सलंडच्या किनाऱ्याकडच्या नद्यांचं पाणी डोंगरापलीकडे वळवायचं, ते आत खोऱ्यात आणायचं आणि वाळवंट हिरवं करायचं.”

“मग? झाली का नाही?”

“नाही झाली. कितीदा तरी अभ्यास झाले. दरवेळी उत्तर एकच, परवडत नाही.”

मामांनी खिशातली छोटी वही काढली. इथलं बाष्पीभवन किती, त्यांनी विचारलं. वर्षाला दोन मीटरहून अधिक, असं कळल्यावर त्यांनी पेन्सिल वहीवर टेकवून ठेवली. सपाट जमीन, उथळ फुगवटा, दोन मीटरची वाफ. धरणाला खोरं लागतं, दोन्ही बाजूंना खांदे लागतात. इथं बांध घातला तर पाणी पसरेल, साठणार नाही. “इथं साठवून भागणार नाही,” ते हळूच म्हणाले. “पण उचलून वापरता येईल. वरच्या अंगाला पंप बसवले, शेतं केली…”

“कापूस,” भाचीनं वाक्य पुरं केलं.

कापसाची ती हकिगत तिला तोंडपाठ होती. १९९५ साली क्वीन्सलंडमधल्या विंडोरा गावाजवळ, करारेवा नावाच्या मालमत्तेवर, कूपर क्रीकचं पाणी उचलून कापूस पिकवायचा प्रस्ताव आला. विरोधाला सगळ्यात आधी उठले ते खालच्या अंगाचे गुरंवाले. त्यांची कुरणं पुराच्या पाण्यावरच वाढतात. पूर पसरून ओसरला की त्या मातीतून असं गवत उठतं की गुरं महिनोन्‌महिने त्याच्यावर पोसतात. पाणी वर अडलं की खाली कुरण नाही. शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूनं उभे राहिले, १९९६ मध्ये विंडोरातच बसून त्यांनी खोऱ्याची मांडणी केली आणि प्रस्ताव बारगळला. पुढे २००० साली केंद्र सरकार, क्वीन्सलंड आणि दक्षिण ऑस्ट्रेलियानं या खोऱ्याचा करार केला. २००४ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीही त्यात आली.

“मामा, मी लहान होते तेव्हा तुमच्या ओसरीवर कोण यायचं आठवतं?” तिनं विचारलं. “टेलचे शेतकरी. कालव्याच्या शेवटच्या चारीवरचे. वरचे दारं उघडी ठेवतात, आवर्तन संपतं आणि आमच्यापर्यंत पाणी येत नाही, असं सांगत रडायचे. तुम्ही रात्री-अपरात्री जीप काढून जायचात.”

“जायचो. टेलला पाणी पोचलं तरच कालवा चालला म्हणायचं. हे आमचं ब्रीद होतं.”

“मग हे टेल आहे,” भाची म्हणाली. “बाराशे-तेराशे किलोमीटरच्या कालव्याचं टेल. आणि हे त्याचे शेतकरी.” तिनं समोर हात केला. उचाट्यांची ओळ एका लयीत डावी-उजवीकडे चोची फिरवत पुढे सरकत होती.

हा घाव वर्मी बसला. नाशिक-नगरच्या धरणांनी गोदावरीचं पाणी वर अडवलं आणि नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, रिता राहिला, या तक्रारीतच मामांची सगळी नोकरी गेली होती. महाराष्ट्राच्या २००५ च्या पाणी कायद्यातलं समन्यायी पाणीवाटप हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. खालच्याचा हक्क वरच्यानं मानायचा, हे त्यांनी आयुष्यभर सभांमधून सांगितलं. त्या खालच्यांत पक्षी धरायचे, हे मात्र त्यांना कोणी म्हटलं नव्हतं.

तरी ते मागे हटले नाहीत. आपलं सगळ्यात भक्कम उदाहरण त्यांनी आता काढलं. “नांदूर मधमेश्वर. गोदावरी-कादवाच्या संगमाशी इंग्रजांच्या काळातला बंधारा. गाळ साचला, पाणी उथळ झालं, लव्हाळं माजलं आणि पक्षी आले. २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ, झालं ते. माणसाच्या बंधाऱ्यानं! उजनी झालं म्हणून भिगवणला रोहित येतात. आमचा नाथसागर पक्षी अभयारण्य आहे. पाणी अडवलं की पक्षी मरतात, हे मला शिकवू नकोस.”

“शिकवत नाही,” भाची म्हणाली, “पण मेनिंडीला काय झालं ते सांगते.”

मेनिंडीची तळी इथून दक्षिणेला, न्यू साउथ वेल्समध्ये, डार्लिंग नदीवर आहेत. कूंगीसारखीच पुराच्या पाण्यानं भरणारी. विसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांना दारं बसवून त्यांचे साठवण तलाव केले, आणि वरच्या अंगाला कापसासाठी उपसा वाढत गेला. डिसेंबर २०१८ आणि जानेवारी २०१९ मध्ये मेनिंडीच्या पात्रात मासे लाखांनी मेले. मार्च २०२३ मध्ये पुन्हा. पांढऱ्या पोटांनी काठोकाठ भरलेली ती नदी भाचीनं टीव्हीवर बघितली होती आणि त्या रात्री ती झोपू शकली नव्हती. पूर्व ऑस्ट्रेलियातल्या पाणपक्ष्यांची १९८३ पासून दरवर्षी विमानातून मोजणी होते. नद्या जशा अडत गेल्या तसे ते आकडे उतरत गेले, आणि म्हणूनच या खोऱ्यातल्या अजून न अडलेल्या नद्यांचं मोल वाढलं.

“नांदूरला पाणी ठरावीक असतं,” ती म्हणाली. “ठरावीक पाण्याचे पक्षी वेगळे. इथले पक्षी बेभरवशाच्या पाण्यावर घडले आहेत. तळं कोरडं पडणं हाही त्यांच्या जगण्याचा भाग आहे. कोरड्या मातीत बारीक कोळंबीची अंडी वर्षानुवर्षं पडून राहतात आणि पाणी लागलं की काही दिवसांत सारं तळं वळवळायला लागतं. तळं कायम भरून ठेवलं तर ती अंडी फुटणारच नाहीत.”

आणि मग तिनं शेकाट्यांची गोष्ट सांगितली. ती सांगताना तिचा आवाज बदलतो.

आपल्याकडे ओढ्या-तळ्यांवर लाल पायांचा शेकाट्या असतो. त्याचाच इथला भाऊबंद म्हणजे छातीवर तांबूस पट्टा असलेला शेकाट्या. तो ऑस्ट्रेलियाखेरीज कुठंच नाही. युरोपीय पक्षीशास्त्राला त्याचं नाव शंभराहून अधिक वर्षं ठाऊक होतं, पण त्याचं घरटं कोणाला सापडत नव्हतं. ते सापडलं १९३० साली, दूरच्या खाऱ्या तळ्यांवर. हा पक्षी समुद्रकाठी वाट बघत राहतो. वाळवंटात हजार-दोन हजार किलोमीटरवर कुठं पाऊस पडला, कोरडं खारं तळं भरलं, की काही दिवसांत थवे तिथं हजर. पाठीवर उपग्रहाशी जोडलेली छोटी यंत्रं बसवून संशोधकांनी त्यांचा माग काढला आणि २०१४ मध्ये तो प्रसिद्ध केला. एक पक्षी अडीच दिवसांच्या आत सुमारे २,२०० किलोमीटर उडाला होता. तळं भरल्याचं त्यांना कसं कळतं, हे कोडं अजून सुटलेलं नाही.

“तिथं बेटावर हजारोंनी घरटी,” ती म्हणाली. “घरटं तरी कसलं, जमिनीतला खळगा. पाणी आटायच्या आत अंडी घालायची, पिल्लं वाढवायची आणि निघायचं. तेवढ्यात चंदेरी कुरव येतात. ते आपल्या शहरांच्या कचऱ्यावर पोसलेले. अंडी-पिल्लं फस्त करतात. वसाहत वाचवायला अधिकाऱ्यांनी कुरव मारलेसुद्धा आहेत. म्हणजे ॲडलेडमधला आमचा कचरा इथवर पोचतो, मामा.”

मामा ऐकत होते. “तुझ्या घरी शेगडीला गॅस कुठला येतो?” त्यांनी अचानक विचारलं.

ती क्षणभर थांबली. “मूम्बाचा असणार.”

“येताना वाटेत फाटा लागला तेच ना?”

तेच. कूंगी तळ्यांचं रामसर क्षेत्र १९८७ मध्ये जाहीर झालं. ते एकवीस हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे, आणि गॅस-तेलाच्या विहिरीही त्याच परिसरात आहेत. मूम्बाचा गॅस १९६९ पासून ॲडलेडला जातो. ॲडलेडच्या नळाला मरे नदीचं पाणीही येतं, म्हणजे मेनिंडीच्याच अडवलेल्या खोऱ्यातलं.

“तू म्हणतेस त्यात चूक नाही,” मामा म्हणाले. “पण न अडवलेली नदी जपायची तर अडवलेली दुसरी कुठंतरी लागते. तुला परवडतं कारण इथं माणसंच नाहीत. मराठवाड्यात मी कोणाला सांगू, टेलला बगळे आहेत, तुझी मोसंबी जळू दे?”

भाचीजवळ याला उत्तर नव्हतं, आणि तिनं तसं कबूल केलं. या लेखापुरतं बोलायचं तर ते उत्तर कोणाकडेच तयार नाही. फरक एवढाच की कूपरवर प्रश्न वेळेत विचारला गेला. गोदावरीवर तो सगळी धरणं बांधून झाल्यावर विचारला जातो आहे.

दुसरा वाद तीन दिवसांपूर्वीचा होता, आणि त्यात बाजू उलटल्या होत्या.

मारी या गावाहून छोट्या विमानातून दोघांनी काटी थांडा बघितलं होतं. समुद्रसपाटीपासून सुमारे पंधरा मीटर खाली, भरलं तर नऊ हजार चौरस किलोमीटरहून मोठं. थोडंफार पाणी तिथं दर काही वर्षांनी येतं. तुडुंब ते क्वचितच भरतं. १९७४ चा पूर सगळ्यात मोठा, तेव्हा पाणी सहा मीटरच्या आसपास चढलं होतं. १९६४ च्या जुलैत डोनाल्ड कॅम्बेलनं याच कोरड्या तळ्यावर ताशी ६४८ किलोमीटरनं मोटार पळवून जागतिक विक्रम केला, आणि त्याच्या आदल्या वर्षी पावसानंच त्याचा बेत उधळला होता. २०२५ च्या मार्चमध्ये पश्चिम क्वीन्सलंडमध्ये विक्रमी पूर आला. त्यात लाखाहून अधिक जनावरं दगावली किंवा वाहून गेली, आणि तेच पाणी आठवड्यांनी खाली येऊन या तळ्यात पसरलं. पूर कोणासाठी काय असतो, हे इथं एका वाक्यात सांगता येत नाही.

विमानातून खाली गुलाबी, राखाडी, दुधी पाण्याचे पट्टे दिसत होते आणि मधोमध पांढरे ठिपके. भाचीला खाली उतरायचं होतं. मिठावर चालत जावं, पाण्याला हात लावावा, अशी तिची कितीतरी वर्षांची इच्छा. पण आता तळ्याच्या पात्रात पर्यटकांना चालायला, पोहायला, नाव घालायला मनाई आहे. हे तळं अराबाना लोकांचं पवित्र स्थान आहे. २०१२ मध्ये न्यायालयानं जमिनीवरचा त्यांचा पारंपरिक हक्क मान्य केला, आणि त्याच वर्षी काटी थांडा हे त्यांचं नाव तळ्याच्या अधिकृत नावात आलं.

“मी काय नुकसान करणार होते?” ती म्हणाली होती. “पक्ष्यांपासून लांब राहिले असते. ज्याला या जागेची माया आहे त्यालाच बाहेर ठेवायचं?”

मामांना त्यात काहीच अवघड वाटलं नव्हतं. “देवराईत फांदी तोडत नाहीत,” ते म्हणाले. “काही रायांमध्ये चप्पल घालून जात नाहीत, काहींमध्ये जातच नाहीत. का, म्हणून विचारतो का आपण? ज्यांची राई त्यांचा नियम. वरून दर्शन झालं की नाही? झालं. मग!”

उलुरूवर चढणं २०१९ च्या ऑक्टोबरात बंद झालं तेव्हाही असाच वाद झाला होता. भाची तेव्हा बंदीच्या बाजूनं होती. आपल्या आवडीच्या जागेवर तोच नियम लागला की मन कसं कुरकुरतं, हे तिला मामांच्या त्या ‘मग!’नं दाखवलं.

कूंगीला मात्र माणसाला काठावर राहता येतं. मालकुम्बा-कूंगी तळी हे राष्ट्रीय उद्यान यांड्रुवांधा यावरावर्का लोकांच्या सहभागानं चालतं. याच यांड्रुवांधांनी १८६१ मध्ये फसलेल्या शोधमोहिमेतल्या जॉन किंगला जगवलं. त्याचे वरिष्ठ बर्क आणि विल्स कूपरच्या काठावर, माशांनी भरलेल्या पाण्याशेजारी, उपासमारीनं गेले. नारडू या पाणनेच्याचे बीजाणुकोश दळून खायचे हे त्यांना कळलं होतं, पण ते नीट तयार कसे करायचे हे नाही. किंगनं मदत मागितली, घेतली, आणि शोधपथक येईपर्यंत तो त्या लोकांत राहिला.

“इथपर्यंत चांगला रस्ता का नाही करत?” मामांनी रात्री विचारलं. त्यांची कंबर भरून आली होती.

“रस्ता झाला की बसेस येतील. तंबूंची रांग लागेल. अवघड वाट हीच या तळ्याची राखण आहे.”

“ही राखण पैशानं ओलांडता येते, बाळ. तुझी ही गाडी कितीची? दोन आठवड्यांची रजा, डिझेल, सुट्या टायरी. मास्तर, हमाल, शेतमजूर, यांनी कधी बघायचं हे? माझ्या वयाच्या बाईनं? अवघड वाट म्हणजे गरिबाला बंद दार.”

यावर ती बराच वेळ बोलली नाही. नंतर म्हणाली, “भिगवणला मी पहिल्यांदा पक्षी बघितले ते एसटीतून उतरून.”

“मी नेलं होतं.”

“हो. तुम्हीच.”

रात्री थंडी वाढली. अंधारात तळ्याचा आवाज दिवसापेक्षा मोठा होता. काकाकुवांची कुलिबावरची भांडणं मिटली आणि मग फक्त बदकांचे पंख ऐकू येऊ लागले. डोक्यावरून एक थवा गेला, मागोमाग दुसरा. शिट्टीसारखा बारीक, घाईचा आवाज. लांबच्या प्रवासाला निघणारे बरेच पाणपक्षी रात्रीच उठतात. मामा तंबूच्या दाराशी घोंगडी पांघरून बसले होते. “कुठं निघाले असतील?” त्यांनी विचारलं. ती उठून त्यांच्या शेजारी येऊन बसली, आणि आवाज थांबेपर्यंत दोघंही आत गेली नाहीत.

सकाळी मामा आधी उठले. पाणी काठीपासून वीतभर मागे गेलं होतं. त्यांनी खाली बसून ते बोटांनी मोजलं आणि वहीत तारीख घालून टिपलं. काठी आणि पाणी यांच्यामधल्या ओल्या पट्टीवर पावलांचे ठसे उमटले होते, तीन बोटांचे, एकमेकांत गुंतलेले. भाची दुर्बीण गळ्यात अडकवून आली तेव्हा त्यांनी तिला हातानंच थांबवलं, पट्टीवर पाय पडू नये म्हणून, आणि विचारलं, “यातला उचाट्या कुठला?”